परदेशात कन्सल्टिंगच्या नोकरीसाठी कोणते शहर निवडावे : राजारामपुरीतील एका मार्गदर्शन केंद्राचा अनुभव

परदेशातील व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांकडे अर्ज करणाऱ्यांना नेमके मार्गदर्शन करणारी सेवा पुण्या-मुंबईबाहेर सहसा आढळत नाही, म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत चालणाऱ्या एका केंद्राविषयी सविस्तर लिहीत आहे. या लेखनात एक तक्रारही आहे आणि ती दूर करण्याची संधी त्यांना मिळावी असे वाटते, त्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. माझी भाची मेकॅनिकल इंजिनिअर असून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात काम केल्यानंतर तिने एमबीए केले. अर्ज कोणत्या शहरातील कार्यालयासाठी करावा, एवढ्याच प्रश्नासाठी तिने येथे नाव नोंदवले होते आणि घरातला वडीलधारा म्हणून मीही सोबत जात होतो.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांसारख्या कंपन्यांच्या अर्जात उमेदवाराला पसंतीची कार्यालये सांगावी लागतात. आपल्याकडची मुले ती जागा अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेरीतील पर्यायांप्रमाणे भरतात, म्हणजे मोठे नाव वर आणि बाकीची खाली. कॅप फेरीत गुणवत्ता यादी सगळ्यांना एकच असते. येथे मात्र प्रत्येक कार्यालय आपापल्या ग्राहकांची गरज पाहून माणूस निवडते, पहिल्या पसंतीच्या कार्यालयाचे मत बहुधा सर्वांत जड ठरते आणि नकार आल्यास त्याच कंपनीकडे पुन्हा अर्ज करण्यासाठी साधारणपणे वर्ष-दोन वर्षे थांबावे लागते. केंद्राच्या संचालिकांनी पहिल्याच बैठकीत हे इतक्या स्पष्टपणे मांडले की पुढच्या सगळ्या चर्चेला शिस्त आली.

त्यांची पद्धत मला विशेष आवडली. प्रत्येक शहरासाठी एक कोरा कागद देऊन त्यावर ‘याच कार्यालयात मी का’ याचे उत्तर चार ओळींत लिहायला सांगतात. त्यानंतर त्या शहराचे नाव खोडून त्याच्या जागी दुसरे नाव लिहितात आणि तरीही जी ओळ खरी ठरते ती लाल शाईने कापतात. ‘आंतरराष्ट्रीय वातावरण’, ‘मोठे ग्राहक’, ‘शिकण्याची संधी’ या साऱ्या ओळी पहिल्या फटक्यात गेल्या. जर्मनीतील म्युनिकच्या कागदावर मात्र एक ओळ टिकली : वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणाऱ्या कास्टिंगचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, प्रत्यक्ष अनुभव. कोल्हापुरातल्या फाउंड्री उद्योगात वाढलेल्या मुलीने बीएमडब्ल्यूच्या शहराचा विचार करावा, यात गैर काहीच नव्हते.

“तुमची विषयाशी ओळख आहे, हे मान्य. पण कारखान्यातल्या फोरमनशी बोलणार कोणत्या भाषेत?” त्यांनी विचारले.

भाचीने जर्मन ए-२ पातळीपर्यंत शिकली असल्याचे सांगितले. भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय चौकटीत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असतात आणि जर्मन भाषक देशांतील सल्लागार कार्यालयांत ग्राहकांसमोर उभे राहण्यासाठी बहुधा सी-१ च्या आसपासची भाषा लागते. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात ती शिकता येते, पण त्या उंचीला पोहोचणे एका अर्जाच्या हंगामात होणारे काम नाही. कंपनीची अंतर्गत भाषा इंग्रजी असली तरी ग्राहकाच्या कारखान्यातील बैठक, तिथला फलक आणि कामगारांची नाराजी हे सगळे स्थानिक भाषेत चालते, हे त्यांनी समजावले. पॅरिस आणि माद्रिदचेही तेच. म्युनिकचा कागद फाडला नाही, पुढच्या टप्प्यासाठी बाजूला ठेवला. मुलीचा हिरमोड न करता वस्तुस्थिती सांगण्याची ही रीत मला मनापासून भावली.

कामाच्या परवान्यांबाबत केंद्राची माहिती अद्ययावत होती. अमेरिकेच्या एच-१बी या कुशल नोकरदारांसाठीच्या व्हिसाला वर्षाकाठी ८५,००० ची मर्यादा आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लागू झाले, त्यामुळे तिथे शिक्षण न घेतलेल्याने भारतातून थेट न्यूयॉर्क निवडू नये, हा त्यांचा सल्ला योग्यच होता. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. कंपनीकडे प्रायोजकत्वाचा, म्हणजे परदेशी माणूस नेमण्याचा, परवाना आहे की नाही हे सरकारने प्रसिद्ध केलेल्या यादीत तपासता येते आणि ते त्यांनी आमच्यासमोर तपासून दाखवले. सिंगापूरमध्ये सप्टेंबर २०२३ पासून एम्प्लॉयमेंट पास या कामाच्या परवान्याला गुणपद्धती आहे. उमेदवाराच्या देशाचे लोक त्या कंपनीत आधीच मोठ्या प्रमाणात असतील तर एका निकषात गुण कमी मिळतात, ही भारतीयांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट मला तिथेच प्रथम कळली.

आता तक्रार. आखाती देशांचा त्यांचा तक्ता जुना होता. दुबई आणि रियाध एकाच रकान्यात होती आणि दोन्हीकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे लिहिले होते. संयुक्त अरब अमिरातीतील सरकारी कार्यालयांनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी स्वीकारली, तर सौदीत ती शुक्रवार-शनिवारच राहिली. हा फरक क्षुल्लक नाही, कारण दुबईच्या कार्यालयात नेमणूक झालेल्या अनेकांचे ग्राहक रियाधमध्ये असतात आणि त्यांचा कामाचा आठवडा रविवारी विमानतळावर सुरू होतो. शिवाय ज्या परदेशी कंपन्यांचे प्रादेशिक मुख्यालय सौदीत नाही, त्यांच्याशी सरकारी करार करण्यावर त्या देशाने १ जानेवारी २०२४ पासून निर्बंध घातले आहेत, त्यामुळे रियाधच्या कार्यालयांचे महत्त्व वाढले. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेत असा तक्ता चालवून घेता कामा नये. आम्ही निदर्शनास आणल्यावर संचालिकांनी तो दुरुस्त करण्याचे मान्य केले, परंतु आमच्या शेवटच्या भेटीपर्यंत भिंतीवर जुनाच कागद होता.

शुल्क आधी सांगितले गेले आणि नंतर वाढले नाही, ‘नोकरी हमखास’ असा शब्द एकदाही निघाला नाही. माझ्या बहिणीचे प्रश्न राहणे, जेवण आणि सुरक्षिततेविषयीचे होते. त्यांनाही संचालिकांनी पुरेसा वेळ दिला. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी मात्र येथे घाई करू नये, कारण त्या चार ओळींत लिहायला स्वतःचे काम लागते. दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांना मी ही सेवा घेण्याचा सल्ला जरूर देईन. भाचीने अखेरीस दुबई पहिली आणि लंडन दुसरे ठेवले, सिंगापूर गाळले. दुबईच्या कागदावर सौदीतील तेलेतर उद्योगांच्या उभारणीशी जोडलेली फाउंड्रीची ओळ सर्वांत ठळक टिकली आणि तीच ओळ तिने अर्जासोबतच्या पत्रात पहिल्या परिच्छेदात घेतली आहे.