एमबीएच्या अर्जापायी गेलेले २,१०,००० रुपये

एमबीएच्या प्रवेशासाठी मदत करणाऱ्या पणजीतल्या एका सल्लागाराने मला फसवलं. आधी आकडे सांगते. नोंदणीचे १५,०००, निबंधांचे ७२,०००, मुलाखतीच्या तयारीचे २८,००० आणि 'सीट धरून ठेवायला' ९५,०००. एकूण २,१०,००० रुपये. त्यातले शेवटचे ९५,००० बाबांचे. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. माझ्यासाठी त्यांनी मुदतीआधी फिक्स्ड डिपॉझिट मोडलं.

मी डिचोलीची. वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटीमध्ये साडेचार वर्षं नोकरी करते. एमबीएची प्रवेशपरीक्षा जीमॅट २०२४ मध्ये दिली, गुण चांगले आले. अर्ज कधी करायचा हे मात्र ठरत नव्हतं. आई म्हणायची आधी लग्न, मॅनेजर म्हणायचे आधी प्रमोशन घे. पणजीतल्या त्या सल्लागाराने नेमका हाच घोळ पकडला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, अठ्ठावीस झाली ना? नोकरीला पाच वर्षं पूर्ण झाली की तुमची फाईल कोणी उघडत नाही. सप्टेंबरची फेरी गेली की संपलं."

हे धडधडीत खोटं होतं. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, म्हणजे माझ्याकडे २०२९ पर्यंत वेळ होता. अहमदाबादच्या आयआयएमच्या पीजीपीएक्स या एक वर्षाच्या एमबीए अभ्यासक्रमाला तर चार वर्षांच्या अनुभवाशिवाय अर्जच करता येत नाही. कॅट या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेचे गुण त्या एका वर्षापुरतेच असतात, ती घाई निराळी. मला कसलीच घाई नव्हती. आमच्या साखळीला जीआयएम, म्हणजे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. गेटवर उभं राहून कुठल्याही विद्यार्थ्याला विचारलं असतं तरी फुकटात कळलं असतं. पण दिवसाचे अकरा तास नोकरी आणि कदंबच्या बसच्या प्रवासात जातात, तेव्हा समोरचा माणूस "सगळं मी बघतो" म्हणाला की बरं वाटतं. मला वाटलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते.

निबंधासाठी त्याने माझी चाळीस मिनिटं मुलाखत घेतली. मी त्याला पावसाळ्यातल्या एका नाईट शिफ्टची हकिगत सांगितली. वीज गेली-आली, त्यात तापमानाच्या नोंदीत अकरा मिनिटांचा खंड पडला. मी गोळ्यांची अख्खी बॅच थांबवली आणि सकाळी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. कठीण प्रसंगी काय ठरवलंत, का ठरवलंत, हेच तर त्या निबंधांत विचारतात. तो मान डोलावत होता, वहीत लिहीतही होता.

२५ ऑगस्टला, चवथीच्या दोन दिवस आधी, निबंध आला. मी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान आणायला बाजारात होते. तिथेच फोनवर उघडला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की माझ्या वडिलांचं मसाल्याचं दुकान आहे आणि गल्ल्यावर बसून मी व्यवहार शिकले. माझ्या वडिलांनी आयुष्यात दुकान चालवलेलं नाही. बॅचबद्दल एक ओळ नव्हती. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "तो नमुना आहे मॅडम, जागा धरायला टाकलाय, फायनलमध्ये तुमचंच येणार." आणि मी "बरं" म्हटलं! दुसऱ्या कोणाचा तरी निबंध माझ्या हातात होता. तिथेच थांबले असते तर निदान ९५,००० वाचले असते.

ते ३० ऑगस्टला गेले, घरात गणपती असताना. यूपीआयवर नाव संस्थेचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. विचारलं तर "अकाउंट्सवाल्या मॅडम" म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने अर्जाचा पासवर्डही घेतला. १८ सप्टेंबरपासून फोन बंद, ऑफिसला कुलूप. ज्या बिझनेस स्कूलची सीट धरायची होती, तिथेच मी थेट फोन लावला. त्यांनी सांगितलं की आम्ही अशी कुठलीही ठेव घेत नाही. पण माझा अर्ज मात्र त्यांच्याकडे पोचला होता, मसाल्याच्या दुकानासकट, माझ्या सहीने. खोटी माहिती दिल्याचा ठपका माझ्यावर आला असता. मीच ईमेल करून अर्ज मागे घेतला.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस ठाण्यात सांगितलं, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, पावती आहे, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ऑफिसात जाऊन सही केलीत, मग हे सायबर कसं? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन केला तोवर एकोणीस दिवस उलटले होते, पैसे खात्यातून कधीच निघून गेले होते. एका हवालदाराने बाबांसमोर विचारलं, "बाय, तू एवढी शिकलेली, तुला कळलं नाही?" बाबा खाली बघत राहिले. फसवणाऱ्याचं नावसुद्धा त्याने लिहून घेतलं नव्हतं! तीन ठिकाणी मिळून सात खेपा, चार रजा, आणि हातात एक पोचक्रमांक. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं?

तोंडी तक्रार करून परत येऊ नका. लेखी द्या, शिक्का मारून पोच घ्या. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३०, दुसऱ्या दिवशी नाही. अर्जाचा पासवर्ड आईबापांखेरीज कोणाला देऊ नका. कुठल्याही आयआयएममध्ये पैसे भरून राखून ठेवलेली सीट नसते. आणि निबंधात तुमच्या घरातली नसलेली एक जरी गोष्ट दिसली, तर त्याच मिनिटाला व्यवहार तोडा. नमुना वगैरे काही नसतं.

ग्राहक आयोगाचं मला कोणीच सांगितलं नाही, स्वतः शोधलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. चारही पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो मसाल्याच्या दुकानाचा निबंध जोडून माझी तक्रार तयार आहे. त्या सल्लागाराच्या ऑफिसचा जिना चढलेले आणखी कोणी असाल, तर पावत्या फाडू नका. आपापली तक्रार द्या.