‘टूमस्टोन’ की ‘वायट अर्प’? एकच वेस्टर्न बघणार असाल तर

२६ ऑक्टोबर १८८१, बुधवार. दुपारी तीनच्या सुमारास ॲरिझोना टेरिटरीतल्या टूमस्टोन या चांदीच्या खाणींच्या गावात अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटल्या आणि तीन माणसं मेली. या अर्ध्या मिनिटावर हॉलिवूडने पुन्हा पुन्हा चित्रपट काढले. त्यातले दोन मोठे चित्रपट जेमतेम सहा महिन्यांच्या अंतराने आले: डिसेंबर १९९३ मध्ये ‘टूमस्टोन’ आणि जून १९९४ मध्ये ‘वायट अर्प’. माणसं तीच, गाव तेच, भांडणही तेच. तरी दोन्ही बघितले की दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्यासारखं वाटतं.

वेस्टर्न बघताना ‘हे खरंच असं झालं होतं का’ हा प्रश्न ज्यांना सोडत नाही, त्यांच्यासाठी ही जोडी म्हणजे मेजवानी आहे. अडचण फक्त वेळेची. पहिला दोन तास दहा मिनिटांचा, दुसरा तब्बल तीन तास अकरा मिनिटांचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुरुवात ‘टूमस्टोन’ने करा. तो जास्त बिनचूक आहे म्हणून नव्हे. कोण कधी कुठे होतं याचा हिशेब मांडायला बसलात, तर बऱ्याच ठिकाणी ‘वायट अर्प’ वरचढ ठरतो. ‘टूमस्टोन’चं खरेपण दुसरीकडे आहे, आणि ते पडद्यावर फार क्वचित बघायला मिळतं.

मुळात घडलं काय, ते थोडक्यात. गावात हत्यार बाळगायला बंदी होती, तसा नगराचा ऑर्डिनन्स क्रमांक ९ होता. आलेल्या माणसाने पिस्तूल जमा करायचं आणि जाताना परत न्यायचं. हा नियम राबवणं व्हर्जिल अर्पचं काम, कारण गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, तो होता. त्याचे भाऊ वायट आणि धाकटा मॉर्गन त्या दिवशी त्याच्या मदतीला होते, सोबत वायटचा मित्र डॉक हॉलिडे. समोर ‘काउबॉय’ म्हणवल्या जाणाऱ्या टोळीतले आइक आणि बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅक्लॉरी, बिली क्लेबोर्न. ही लढाई ओ. के. कोरालच्या, म्हणजे घोडे बांधायच्या आवाराच्या, नावाने ओळखली जाते, पण जागा ती नव्हतीच. कोरालच्या मागच्या दारापासून काही घरं पुढे, फ्रेमाँट स्ट्रीटवर, सी. एस. फ्लाय या फोटोग्राफरच्या घराला लागून १५-२० फूट रुंदीची मोकळी जागा होती. नऊ माणसं आणि दोन घोडे त्या चिंचोळ्या जागेत समोरासमोर उभे होते. आइक आणि क्लेबोर्न पळाले. बिली क्लँटन आणि दोघे मॅक्लॉरी मेले. व्हर्जिल, मॉर्गन आणि डॉक जखमी झाले, वायटला ओरखडाही आला नाही.

जुन्या चित्रपटांनी यातलं बरंचसं सोडून दिलं. जॉन फोर्डचा १९४६ चा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ दिसायला अप्रतिम आहे, मला तो अतिशय आवडतो. पण त्यात डॉक त्याच लढाईत मरतो आणि म्हातारा क्लँटन, म्हणजे आइक-बिलीचा बाप, शेवटपर्यंत जिवंत राहतो. प्रत्यक्षात म्हातारा क्लँटन लढाईच्या दोन महिने आधीच मारला गेला होता, आणि डॉक १८८७ मध्ये कोलोरॅडोत क्षयाने गेला. १९५७ च्या ‘गनफाइट ॲट द ओ. के. कोराल’मध्ये ती लढाई मिनिटांमागून मिनिटं चालते. १९६७ चा ‘अवर ऑफ द गन’ तर सुरुवातीलाच पडद्यावर बजावतो की हे सगळं असंच घडलं, आणि शेवटी वायटच्या हातून मेक्सिकोत आइक क्लँटनला मारवतो. आइक मेला १८८७ मध्ये, ॲरिझोनात, दुसऱ्याच माणसाच्या गोळीने.

नव्वदच्या दशकातल्या या दोन चित्रपटांची वाट वेगळी का झाली, याचं एक सरळ कारण आहे. ‘टूमस्टोन’ची पटकथा केविन जारची. नट केविन कॉस्टनर आधी त्या प्रकल्पात होता, पण त्याला गोष्ट वायटभोवती फिरायला हवी होती आणि जारला सगळं गाव हवं होतं. कॉस्टनर बाहेर पडला आणि दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डनबरोबर त्याने ‘वायट अर्प’ केला. ‘टूमस्टोन’चं दिग्दर्शनही जारच करत होता, पण चित्रीकरण सुरू झाल्यावर महिन्याभरात त्याला काढलं आणि जॉर्ज कॉस्माटोसच्या नावाने चित्रपट पुरा झाला. तरीही जारचा मूळ आग्रह पडद्यावर टिकून राहिला आहे. म्हणून निवड करताना स्वतःला एवढंच विचारायचं: तुम्हाला गाव बघायचंय की माणूस?

गाव बघायचं असेल, तर ‘टूमस्टोन’मधले कपडे बघा. वेस्टर्न म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धुळकट तपकिरी टोपी आणि चामड्याचं जाकीट येतं. पण १८८१ चं टूमस्टोन चांदीवर गब्बर झालेलं गाव होतं. तिथे आइस्क्रीम मिळायचं, नाटकं व्हायची, लोकांना पूर्वेकडच्या शहरांतल्या फॅशनची हौस होती. म्हणून इथली माणसं रंगीत वेस्टकोट, कडक कॉलर, रेशमी टाय आणि लांब लोकरी कोट घालून फिरतात. ॲरिझोनाच्या उन्हात नटांनी खरी लोकर अंगावर वागवली. ओठांवर त्या काळच्या भरघोस मिशा आहेत. आपल्याकडे शिवकालीन चित्रपट आला की पगडीचा पेच आणि तलवारीची मूठ बरोबर आहे का यावर लोक तावातावाने बोलतात. तशा नजरेने बघणाऱ्याला हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावावासा वाटेल.

पत्त्यांचंच घ्या. वेस्टर्नमधला जुगारी म्हणजे पोकर खेळणारा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण त्या काळातला सर्वांत लोकप्रिय डाव फॅरो होता. टेबलावर तेरा पत्त्यांचा पट मांडलेला, त्यावर लोक पैसे लावतात आणि वाटणारा एका डबीतून एकेक पान काढतो. वायटचं टूमस्टोनमधलं उत्पन्न मोठ्या प्रमाणात यातूनच होतं. ओरिएंटल सलून या दारूच्या गुत्त्यातून जॉनी टायलर नावाच्या दांडगटाला हाकलून तो फॅरोचं टेबल ताब्यात घेतो, तो प्रसंग ‘टूमस्टोन’मध्ये आहे, आणि टायलर खरोखर होऊन गेलेला माणूस होता. कायद्याचा रखवालदार म्हणून गाजलेला वायट खरं तर पैसे कमवायला आला होता, हे या एका टेबलावरून लख्ख कळतं.

आता गोळीबार. लढाईला निघताना व्हर्जिल आपली शॉटगन डॉकला देतो आणि डॉकची काठी स्वतः घेतो. कारण साधं आहे: डॉकच्या अंगात लांब ओव्हरकोट होता, त्याखाली बंदूक झाकली गेली असती आणि रस्त्यावरचे लोक बिथरले नसते. हे खरं घडलं होतं आणि चित्रपटात ते जसंच्या तसं आहे. आइक वायटला येऊन बिलगतो आणि वायट त्याला सांगतो की लढाई सुरू झाली आहे, लढ नाहीतर चालता हो. हे वाक्य वायटच्या न्यायालयातल्या जबानीतून आलंय. फ्रँक मॅक्लॉरी डॉकवर नेम धरतो तेव्हा डॉकने मारलेला टोमणाही जवळपास त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापून आलेल्या शब्दांतच आहे. नंतर तिघांच्या शवपेट्या आणि ‘टूमस्टोनच्या रस्त्यावर खून झालेले’ असा फलक दिसतो, तोही खरा. कागदपत्रं वाचून ज्याचं मन भरलं नाही, असा माणूसच अशी पटकथा लिहू शकतो.

याच लढाईत भेसळही आहे. खऱ्या बिली क्लँटनचं वय १९ होतं, पडद्यावरचा बिली तिशी ओलांडलेला दिसतो. आइक फ्लायच्या घरात शिरून आतून गोळ्या झाडतो, हे रचलेलं आहे. वायटच्या हातातलं लांब नळीचं पिस्तूल त्याच्या १९३१ च्या चरित्रातून आलेलं आहे, आणि तेवढ्यासाठी ते चरित्र भरवशाचं नाही. लढाईही अर्ध्या मिनिटाहून बरीच लांबते. ‘वायट अर्प’मधली लढाई आखूड आहे, अंगावर येणारी आणि गोंधळाची आहे. तीस सेकंद म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं असेल तर ती बघा.

लढाईनंतर ‘टूमस्टोन’ जास्त मोकळा सुटतो. व्हर्जिलवरचा हल्ला २८ डिसेंबर १८८१ चा, त्यात त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. बिलियर्ड खेळताना मॉर्गनचा खून झाला १८ मार्च १८८२ ला. चित्रपटात हे दोन्ही एकाच वादळी रात्री घडतं. बर्ड केज थिएटरातला खेळ लढाईच्या आधी दाखवलाय, पण ते थिएटर उघडलं डिसेंबर १८८१ मध्ये. काउबॉय टोळीचे लाल कमरबंद ही प्रेक्षकांना माणसं ओळखता यावीत म्हणून केलेली सोय आहे. सर्वांत मोठं कल्पित म्हणजे डॉक आणि काउबॉय टोळीतल्या जॉनी रिंगोचं द्वंद्व. रिंगो जुलै १८८२ मध्ये एका ओकच्या झाडाला टेकलेला मृत सापडला आणि चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. डॉक त्या सुमारास कोलोरॅडोत होता. मला हे द्वंद्व बघायला आवडतं, पण इतिहास म्हणून ते कुणाला सांगू नका.

‘वायट अर्प’ची ताकद बाईमाणसांच्या आणि घरच्या गोष्टीत आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. गोष्ट आयोवातल्या पेला गावच्या मक्याच्या शेतात सुरू होते. मोठे भाऊ यादवी युद्धात गेलेत, आणि पोरसवदा वायट पळून त्यांच्यामागे जाऊ बघतो. पुढे पहिली बायको उरिला १८७० मध्ये वारते. त्यानंतरची दारू आणि घोडा चोरल्याचा आरोप या गोष्टीही चित्रपट झाकून ठेवत नाही. अर्पबंधूंच्या बायका एका प्रसंगात वायटला तोंडावर विचारतात की भावांचा संसार कुठे हलवायचा हे तूच का ठरवायचं. ‘टूमस्टोन’मध्ये या बायका जवळपास मुक्या आहेत. वायटची पुढची बायको जोसेफिन (जोसी) मार्कस आधी शेरीफ जॉनी बीहनबरोबर त्याची बायको म्हणून राहत होती, हेही ‘वायट अर्प’ जास्त प्रामाणिकपणे मांडतो. मॅटी ब्लेलॉक, म्हणजे वायटने सोडलेली बाई, १८८८ मध्ये लॉडनमच्या, अफूच्या अर्काच्या, अतिसेवनाने गेली. तिचा संताप आणि तुटत जाणं ‘वायट अर्प’मध्ये बघवत नाही, इतकं जवळून दिसतं.

दोन डॉकबद्दल लोक हमखास विचारतात. ‘वायट अर्प’साठी डेनिस क्वेडने सुमारे ४० पौंड वजन उतरवलं, आणि क्षयाने पोखरलेला दंतवैद्य म्हणून तो जास्त पटतो. ‘टूमस्टोन’मधला वॅल किल्मर तुलनेने धडधाकट आहे, पण जॉर्जियातल्या खानदानी घरातल्या माणसाचं बोलणं, त्याचा आब आणि मरण ठाऊक असल्याने आलेली बेफिकिरी त्याने अशी उभी केलीय की ती विसरता येत नाही. मी तरी किल्मरच्याच बाजूने आहे.

दोन्ही चित्रपटांबद्दल माझी एक तक्रार आहे. लढाईनंतर न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर जवळजवळ महिनाभर सुनावणी चालली. शेरीफ बीहनने सांगितलं, समोरच्यांनी हात वर केले होते. अर्पबंधूंनी नेमकं उलट सांगितलं. रस्त्यापलीकडच्या कपडे शिवणाऱ्या ॲडी बोरलँडने साक्ष दिली की कुणी हात वर केल्याचं तिने पाहिलं नाही. गावात दोन वर्तमानपत्रं होती, ‘एपिटाफ’ अर्पांच्या बाजूचं आणि ‘नगेट’ विरोधी. शेवटी स्पायसरनी अर्पांना सोडलं. आज आपल्याला त्या दुपारबद्दल जे काही कळतं त्यातलं बरंचसं या सुनावणीतल्या जबान्यांमधून कळतं. संवाद तिथून घ्यायचे आणि ती खोली मात्र धड उभी करायची नाही, हे दोन्ही चित्रपटांनी केलं. ‘टूमस्टोन’मध्ये तर ती सुनावणी जवळपास गायबच आहे. त्यात तीन तासांचा स्वतंत्र चित्रपट दडलेला आहे आणि तो अजून कुणीतरी काढायला हवा.

शंकेला जागा द्यायचं धाडस मात्र ‘वायट अर्प’ने केलंय. शेवटी म्हातारा होत चाललेला वायट जोसीबरोबर अलास्काच्या बोटीवर आहे. एक तरुण येऊन जुनी हकिगत सांगतो, की वायटने एकट्याने जमावाला अडवून एका कैद्याला वाचवलं. खऱ्या घटनेत, जानेवारी १८८१ मध्ये, ते श्रेय गावच्या तेव्हाच्या मार्शलचं, बेन सिपीचं होतं. वायट स्वतःच म्हणतो की काही जण हे असं घडलंच नाही म्हणतात. जोसी म्हणते, त्यांचं सोड, असंच घडलं. नवऱ्याची आख्यायिका सांभाळणारी खरी जोसेफिन इथे अचूक पकडलीय. माझ्या मते हा त्या चित्रपटातला सर्वांत खरा प्रसंग आहे.

तेव्हा ज्यांना वेस्टर्नची गोडी नुकती लागतेय, त्यांनी डोळे झाकून ‘टूमस्टोन’ घ्यावा. ज्यांनी तो पाहिलाय आणि वायट नेमका कसा माणूस होता हे ज्यांना छळतंय, त्यांनी ‘वायट अर्प’कडे वळावं. त्याचा वेग संथ आहे, सुरुवातीचा तास-सव्वा तास टूमस्टोन गाव जवळपास येतच नाही. एका बैठकीत जमणार नसेल तर टूमस्टोनच्या आधीच्या गावाचा, डॉज सिटीचा, भाग संपतो तिथे थांबा आणि उरलेला दुसऱ्या रात्री बघा. दोन्हींत रक्तपात भरपूर आहे, त्यामुळे लहान मुलं झोपल्यावरच लावा.