बांधावरचा पर्जन्यमापक आणि मंगळवार-शुक्रवारचा सल्ला: सात महिन्यांचा अनुभव

मेअखेरीस प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक घेतला. नळकांडं, वर नरसाळं, बाजूला मिलिमीटरच्या रेघा. पाचशेच्या आत काम झालं. हवामान सल्ला मात्र चार वर्षांपासून मोबाइलवर येतोय. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पीकवार सूचना. तो मी पुढे पाठवायचो, वाचायचो क्वचितच. नळकांडं आल्यावर वाचायला लागलो, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितोय. आमची साडेचार एकर, सगळी कोरडवाहू. सोयाबीन आणि त्यात तूर.

गुरांचा धक्का नको म्हणून आधी पर्जन्यमापक कडुलिंबाखाली बांधला. पाऊस थांबला तरी पानांवरून टिपटिप चालूच, आकडा फुगलेला. आठ दिवसांनी उघड्या बांधावर हलवला. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, म्हणून मोजणीही साडेआठलाच. वही मुलीकडे. पाऊस नसला तरी शून्य लिहिते, आणि मी विसरलो की माझ्यावरच ओरडते.

खरी कसोटी पेरणीला लागली. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे सल्ल्यातलं वाक्य दरवर्षीचं. पण आपल्या रानात किती पडला हे कळणार कसं? आम्ही ढेकूळ फोडून ओल बघणारी माणसं. मृगात दोन सरी आल्या, रान काळंशार दिसायला लागलं, शेजारी ट्रॅक्टर सुरू झाले. वहीतली बेरीज ४३. थांबलो. घरात रोज एकच विषय, "सगळ्या गावाचं पेरून झालं, आपलं कधी?" आर्द्रात बेरीज ९१ वर गेली, पण मग झड लागली आणि सहा दिवस वाफसाच, म्हणजे पेरण्याजोगी बेताची ओल, मिळेना. मृगात पेरलेल्या एका शेजाऱ्याला मोडून दुबार पेरावं लागलं. दुसऱ्याचं पीक मात्र माझ्यापेक्षा दोन आठवडे पुढे होतं, आणि झकास होतं. त्यामुळे थांबलो तेच बरं झालं, असं छातीठोक म्हणत नाही. दुबारचं बियाणं वाचलं, एवढंच.

अंदाजाची भाषा समजायला जुलै उजाडला. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडासा पाऊस, असं मी धरून चाललो होतो. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्या किडीसाठी सकाळी फवारणी केली आणि दुपारी तासाभरात २२ मिमी झोडपलं. औषध, मजुरी, सगळं पाण्यात. मग चौकशी केली. तुरळक हा शब्द जागांचा आहे, पावसाच्या जोराचा नाही. जिल्ह्यातल्या पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पडेल, एवढाच अर्थ. माझा बांध त्या तुरळकात होता! 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत. हे आता वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. 'मध्यम' पाऊस १५.६ ते ६४.४ मिमी. आमच्या भारी जमिनीत १६ मिमीने पीक खूश होतं आणि ६० मिमीने सरीत पाणी तुंबतं. सल्ल्यात दोन्हींना शब्द तोच.

तक्रारी आहेतच. नळकांडं १०० मिमीचं. ऑगस्टात एका रात्री काठोकाठ भरून सांडलं. किती पडला ते आजही सांगता येत नाही. भरपाईसाठी अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळाच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर नोंद लागते. आमचं केंद्र नऊ किलोमीटरवर, तिथे त्या रात्री ४८. वही घेऊन गेलो होतो. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

ऑक्टोबरात मात्र शुक्रवारच्या सल्ल्याने वाचवलं. विजांसह पावसाचा इशारा होता, आणि कापलेलं सोयाबीन रानात पसरलेलं. त्या दिवशी ऊन असं लख्ख की मजूर हसत होते. तरी अंधार पडेपर्यंत गंजी लावली, ताडपत्री ओढून कडेने दगड ठेवले. सकाळी वहीत ३१.

डिसेंबरात नरसाळ्याला उन्हाने तडा गेला, एमसील लावून चालवतोय. येत्या मेमध्ये २०० मिमीचा घेणार. हा जुना, दुबार पेरावं लागलेल्या शेजाऱ्याने आत्ताच मागून ठेवलाय.