स्वतःचा भाव मांडून रेस खेळण्याची पद्धत: नऊ महिन्यांच्या वहीत काय उरलं

जुलै २०२४ मध्ये पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू झाला तेव्हा दोनशे पानी वही घेतली. त्याआधी बारा-तेरा वर्षं मी रेस खेळत होतो, पण किती लावले आणि किती आले याचा कागद एकही नव्हता. जिंकलेले दिवस लक्षात होते, हरलेले नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचा हंगाम संपला, तोवर प्रत्येक पैज वहीत उतरली. कुणाला अशी पद्धत वापरून पाहायची असेल तर आकड्यांसकट सगळं सांगतो.

पद्धत साधी आहे, मेहनत मात्र खूप मागते. शर्यतीच्या आदल्या रात्री घोड्यांच्या माहितीचं रेसचं पुस्तक घेऊन बसायचं आणि प्रत्येक घोड्याला जिंकण्याची शक्यता टक्क्यांत द्यायची. सगळ्यांची बेरीज बरोबर १०० आली पाहिजे. कुणाला वाढवायचं तर कुणाचं तरी कमी करावं लागतं, आणि डोकं खरं तिथेच चालतं. मग रेसकोर्सवर जाऊन पैजा घेणाऱ्या बुकींच्या फळ्यावरचा भाव आपल्या भावाशी ताडून बघायचा. फळा आपल्यापेक्षा बराच जास्त देत असेल तरच पैज, नाहीतर चहा पिऊन पुढच्या शर्यतीची वाट बघायची. पैज नेहमी २०० रुपयांची. आवडीच्या घोड्यावर जास्त नाही, शेवटच्या शर्यतीत भरपाई म्हणून दुप्पट नाही.

फळा वाचायला शिकलो हा पहिला मोठा फायदा. समजा सहा घोडे आहेत आणि भाव आहेत ६-४, ३-१, ४-१, ८-१, १०-१ आणि १५-१. ३-१ म्हणजे एक रुपया लावला तर तीन रुपये नफा, म्हणजे चारातून एकदा जिंकला तर बरोबरी, म्हणून २५ टक्के. असे सगळ्यांचे टक्के काढले तर ४०, २५, २०, ११, ९ आणि ६, म्हणजे बेरीज १११ च्या वर जाते. १०० च्या वरचे ते अकरा बुकीचे. इतकी वर्षं मी त्या फळ्यासमोर उभा राहिलो आणि ही बेरीज एकदाही केली नव्हती. “कोण जिंकणार” एवढंच विचारत होतो. “या भावाला घेण्यासारखा आहे का” हा प्रश्न मला चाळिशी उलटल्यावर पडला.

टक्के कशावरून द्यायचे? सुरुवातीला माझ्या वहीत अकरा रकाने होते, शेवटी पाच उरले. घोड्याच्या पाठीवरचं वजन, शर्यतीचा वर्ग, अंतर, जमीन आणि मागच्या धावेत घोड्याला नेमकं काय झालं. आपल्याकडे हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणणाऱ्या शर्यतीत, रेटिंगचा (घोड्याच्या कुवतीच्या आकड्याचा) १ गुण म्हणजे अर्धा किलो. लागोपाठ तीन धावांत मागे पडलेला घोडा खालच्या वर्गात उतरतो तेव्हा लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. पण त्या तीनपैकी दोन धावा त्याला न झेपणाऱ्या अंतरावर असतील, तर ते अपयश घोड्याचं नसतं. माझ्या चांगल्या पैजा बहुतेक अशाच घोड्यांवर होत्या. जमिनीचं महत्त्व पुण्यात फार कळतं. जुलै-ऑगस्टच्या पावसात भिजलेल्या गवतावर धावलेला घोडा आणि ऑक्टोबरच्या सुकलेल्या जमिनीवरचा तोच घोडा, यांची गाठ घालू नये. जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो. मी तो प्रत्येक धावेपुढे लिहायचो.

जे रकाने काढले त्यातला पॅडॉकचा काढताना वाईट वाटलं. शर्यतीआधी घोडे फिरवतात तेव्हा कठड्याला टेकून त्यांना बघणं हे मला रेसमधलं सगळ्यात मोठं सुख आहे. कातडीची चमक, पायांची उचल, घाम कुठे सुटलाय, यावरून मला बरंच कळतं असा माझा समज होता. साठ नोंदींनंतर “उत्तम दिसला” असा शेरा दिलेले आणि न दिलेले घोडे सारख्याच प्रमाणात जिंकलेले निघाले. आजही मी पॅडॉकला जातो, पण त्यावर पैसे लावत नाही. कानात सांगितलेल्या टिपांसाठी वेगळं पान होतं. २२ टिपा लिहिल्या, ३ खऱ्या निघाल्या, आणि त्या तिन्हींचा भाव शर्यतीआधीच घसरून गेला होता. मेडन, म्हणजे अजून एकदाही न जिंकलेल्या, आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती सोडून दिल्या. ज्याने धावून दाखवलेलं नाही त्याला टक्के कुठून देणार?

एक पैज सविस्तर सांगतो. सप्टेंबरातली १४०० मीटरची शर्यत. एक घोडी मागच्या वेळी ५९ किलो घेऊन धावली होती, वळणावर दोन घोड्यांमध्ये अडकली आणि पाचवी आली. या वेळी वजन ५४. रात्री मी तिला २५ टक्के दिले होते, म्हणजे माझा भाव ३-१. फळ्यावर होता ५-१. २०० लावले. ती अगदी शेवटी आतून सुटली आणि मानेने हरली. पूर्वी असतो तर जॉकीला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी वहीत लिहिलं, “हरली, पैज बरोबर.” हे वाक्य मनापासून लिहिता येणं ही या पद्धतीतली सर्वांत अवघड पायरी. मला त्यासाठी तीन महिने लागले.

मुंबईत गेल्यावर पहिले चार आठवडे वाईट गेले. पुण्यातले आकडे महालक्ष्मी रेसकोर्सला तसेच चिकटवले आणि लागोपाठ १४ पैजा हरलो. तेव्हा पद्धत सोडायचा विचार आला होता. जुनी पानं परत चाळल्यावर दिसलं की पावसाळी धावांना मी कोरड्या धावांइतकंच महत्त्व देत होतो. ते दुरुस्त केलं आणि जानेवारीपासून गाडी रुळावर आली. फेब्रुवारीत, डर्बी या हंगामातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या दिवशी, मी एकही पैज लावली नाही. इतक्या गर्दीत आणि इतक्या उत्साहात फळ्याकडे थंड डोक्याने बघणं मला जमत नाही.

आता हिशेब. एकूण पैजा ११८, जिंकल्या २७. लावलेली रक्कम २३,६००, परत आले २५,१००. म्हणजे १,५०० वर, साधारण सहा टक्के. इथे थांबलो असतो तर पद्धत फायद्याची म्हणून मोकळा झालो असतो. पण पैजेच्या पूर्ण रकमेवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता. २३,६०० वर ६,६०८ रुपये. खिशातून गेले ३०,२०८, परत आले २५,१००. तोटा ५,१०८.

बुकीला हरवलं, कराला नाही. हे नीट समजून घ्या, कारण पद्धतींबद्दल बोलणारे लोक नेमकं हेच गाळतात. बरोबरीच्या (१-१) भावाला १०० लावले तर हातून १२८ जातात आणि घोडा आला तर २०० मिळतात. म्हणजे असा घोडा शंभरातून ६४ वेळा जिंकला तरच तुमचं बरोबरीत सुटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ४० टक्के झाला, आता तेच ७० वेळा. ३-१ च्या घोड्याला २५ टक्क्यांऐवजी आता ३५ टक्के हवेत. त्यावर प्राप्तिकर वेगळा. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. नऊ महिन्यांनंतर मला ते पूर्ण पटतं. पण वर्षभर कौशल्याने मिळवलेले सहा टक्के २८ टक्क्यांपुढे कुठे पुरणार?

फोनवर बिनकराचा भाव देणारे भेटतात. तिकडे मी गेलो नाही आणि कुणी जाऊ नये. तो धंदा बेकायदा आहे, जिंकलेले पैसे मिळतील याची खात्री नाही, आणि उधारीवर खेळवून माणसाचं घर कसं रिकामं करतात ते मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे.

मग वापरावी का? रेस खेळून घर चालवायचा विचार असेल तर नाही, अजिबात नाही. आधीपासून खेळत असाल तर मात्र जरूर. अंदाजाने सांगायचं तर मी पूर्वी वर्षाला चाळीस-पन्नास हजार घालवत होतो. त्या नऊ महिन्यांत पाच हजार गेले, आणि कुठे गेले ते पैशापैशाने माहीत आहे. आठवड्याला सहा-सात तास अभ्यासाला लागतात. कंटाळा येत असेल तर वही पहिल्या महिन्यातच बंद पडेल.

नवा कर आल्यापासून नियम बदलला आहे. माझा भाव ३-१ असेल तर फळ्यावर किमान ५-१ हवा, त्याखाली हात खिशात जात नाही. असा भाव क्वचितच दिसतो. या हंगामात आतापर्यंत ४१ शर्यतींचे भाव रात्री बसून मांडले, पैजा लावल्या ३. दुसरी वही निम्मी भरली आहे.