रोड की ट्रॅक? इंदूरच्या होतकरू सायकलपटूसाठी

मुलगी किंवा मुलगा पंधरा-सोळाचा झाला, राज्य स्पर्धेत नाव येऊ लागलं की घरात हा प्रश्न निघतोच: रस्त्यावरच्या शर्यती, की वेलोड्रोमवरच्या, म्हणजे उतरत्या वळणांच्या बंदिस्त ट्रॅकवरच्या? सुरुवातीपुरतं उत्तर इंदूरचा भूगोल देतो. सपाट वेगासाठी पहाटेचा सुपर कॉरिडॉर आहे, चढासाठी महूपुढे जानापाव आणि जाम गेटचा घाट. लाकडी वेलोड्रोमसाठी मात्र दिल्ली गाठावी लागते. सिमेंटचा पुण्याला बालेवाडीत. तेव्हा पहिली सायकल रोडचीच घ्या. ट्रॅक सायकलला ब्रेक नसतात, फ्रीव्हील नसतं (चाक फिरतं तोवर पेडलही फिरतातच), गिअर एकच. एबी रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर ती काढणं शुद्ध वेडेपणा.

पुढचा निर्णय शरीराच्या कलावर सोडावा. पेडलचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर असलेल्या ट्रेनरवर (जागेवर सायकल चालवायचं यंत्र) दोन चाचण्या घ्या, वेगवेगळ्या दिवशी: दहा सेकंदांचा पूर्ण जोर आणि वीस मिनिटांचा सलग जोर. दुसऱ्या चाचणीच्या सरासरी वॉटला वजनाने भागा. हा आकडा चांगला असेल तर रोड खुला आहेच, शिवाय ट्रॅकवरच्या टीम परसूट (चौघांच्या संघाची वेळेची शर्यत), ओम्नियम (अनेक शर्यतींचे गुण एकत्र), मॅडिसन (जोडीने आळीपाळीने) या स्पर्धाही. ब्रॅडली विगिन्स आणि गेरेंट थॉमस दोघेही परसूटमधले ऑलिंपिक विजेते. पुढे टूर द फ्रान्स एकाने २०१२ मध्ये जिंकली, दुसऱ्याने २०१८ मध्ये. अशा मुलांना निवडीची घाई नाही.

घाई स्प्रिंटरला. दहा सेकंदांत जबरदस्त आणि चढावर मागे पडणारा मुलगा रोडवर वर्षं वाया घालवतो. त्याला जिम, स्टँडिंग स्टार्ट (उभ्या सायकलवरून सुटण्याचा सराव) आणि वेलोड्रोमवरचे तास हवेत, म्हणजे अकादमी किंवा वसतिगृह, आणि त्यासोबत शाळेचा प्रश्न. पण भारताचं आंतरराष्ट्रीय यश याच बाजूला दिसतं: २०१९ मध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण, २०२२ मध्ये रोनाल्डो सिंगचं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतलं स्प्रिंट रौप्य.

नोकरीचं गणितही ट्रॅककडे झुकतं. क्रीडा कोट्यात पदक मोजलं जातं. ट्रॅकवर स्पर्धाप्रकार बरेच. रोडवर मोजकेच, आणि मोठ्या घोळक्यात एकच पहिला येतो. रेल्वे आणि सेनादलाचे संघ दोन्हीकडे तगडे आहेत, हे धरून चाला. रोडवर निव्वळ पगारी व्यावसायिक व्हायचं तर युरोप: तिथे संघांच्या तीन चढत्या पायऱ्या, आधी कॉन्टिनेन्टल, मग प्रोटीम, मग वर्ल्डटूर. व्हिसा आणि राहण्याचा खर्च बहुधा घरावरच पडतो.

फसतं कुठे, तेही बघा. ट्रॅकवर नवखा सवयीने पाय थांबवतो. फिरतं चाक पेडलला ढकलतं आणि तो उडतो. वळणाचा उतार सुमारे ४२ अंशांचा, तिथे वेग कमी ठेवला तर टायर घसरतात. भीतीने हळू जाणाराच पडतो. ट्रॅक सायकलच्या चेनचा ताणही बघा: मधोमध दाबून ती सेंटीमीटरभर हलावी. दातांची चकती सगळीकडे सारखी गोल नसते, म्हणून क्रँक (पेडलचा दांडा) फिरवून जिथे ती सर्वांत ताणलेली लागते तिथे तपासा आणि मगच मागच्या एक्सलचे नट आवळा.

रोडवर घात करतं ते पोट. दोन तासांपुढच्या शर्यतीत ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं, माळव्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात ताशी पाऊण लिटर पाणी, मिठासकट. हा सराव आधी करावा लागतो, नाहीतर पोट बिघडतं. सप्लिमेंटचे डबे दोन्हीकडे सारखेच धोकादायक: भेसळ निघाली तरी डोपिंगची बंदी खेळाडूवरच येऊ शकते, अठराच्या आतला असला तरी.