समुद्री टँकसाठी आरओ-डीआय युनिट: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

नवा समुद्री टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) लावताय तर हे आरओ-डीआय युनिट घ्याच; नळाचं पाणी आधी आरओच्या बारीक पडद्यातून (मेंब्रेन) गाळून मग उरलेले क्षार डीआय रेझिनने काढणारं यंत्र. फक्त शेवाळ येणारच नाही अशा भरवशावर घेऊ नका. माझ्याकडे ते रीतसर आलं.

टँक साधारण दोनशे लिटरचा, ठाण्यात. आत ड्राय रॉक, म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड. आपल्या समुद्रातला प्रवाळ उचलायचा प्रश्नच नाही, दगडी प्रवाळ २००१ सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलेत. कोरड्या दगडावर सुरुवातीला काहीच जिवंत नसतं, त्यामुळे जो आधी येईल त्याचं राज्य. आधी आले डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. वाळूवर कोको पावडर भुरभुरल्यासारखा तपकिरी थर. सकाळी सायफनने ओढून घ्यावा तर संध्याकाळी पुन्हा हजर. डायटमना कवचासाठी सिलिका लागते. वाळूतली, दगडातली आहे तेवढी संपली की ते आपोआप ओसरतात, मात्र पाण्यातून रोज नवी मिळत राहिली तर मुक्काम लांबतो. युनिटचा उपयोग नेमका इथे.

‘घरी आरओ आहे की!’ हे भेटेल तो ऐकवतो. घरचा प्युरिफायर चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मुद्दाम राखतो. बऱ्याच मॉडेलांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात नाहीतर खनिजं घालतात. पिण्याला ठीक, टँकला नाही. या युनिटमध्ये मेंब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) असतं आणि खरे पैसे त्याचेच. माझ्या नळाला टीडीएस मीटर ७०-८० दाखवतो, मेंब्रेननंतर ३-४, रेझिननंतर ०.

त्या शून्यावर मात्र विसंबू नका. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटणाऱ्यांपैकी, आणि टीडीएस मीटरला ती जवळपास दिसतच नाही. म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्या आणि बराचसा रंग उतरला की मीटर काय म्हणतो ते न बघता बदलून टाका. दुसरं म्हणजे, युनिट बंद राहून पुन्हा सुरू केलं की मेंब्रेनमधून पहिली काही मिनिटं जास्त टीडीएसचं पाणी येतं. ते रेझिनवर गेलं तर रेझिन उगाच खर्ची पडतं. कंपनीने यासाठी सोय दिलेली नाही. मी मेंब्रेन आणि रेझिनच्या मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा कॉक बसवून ते पाणी बाहेर काढतो. एवढ्या किमतीत हे आधीच असायला हवं होतं.

प्रेशरचंही कोणी आधी सांगत नाही. मेंब्रेनला ५०-६० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं एकक) लागतं. वरच्या मजल्यावर, गच्चीवरच्या टाकीतून ते मिळणं अशक्य. बूस्टर पंपाशिवाय नुसती टिपटिप. आणि वाया जाणारं पाणी! एका लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर. लादी, फ्लश, गाडी सगळं त्यातून काढलं तरी मे महिन्यात पाणीकपात लागली की घरातल्यांची नजर झेलावी लागते. त्याच दिवसांत टँकमधलं बाष्पीभवन वाढलेलं असतं. मीठ उडून जात नाही, त्यामुळे भर घालायची ती साध्या आरओ-डीआय पाण्याचीच.

डायटमनंतर हिरवं, केसाळ शेवाळ आलं. त्याचा दोष युनिटला देण्यात अर्थ नाही; फॉस्फेट दगडातून आणि आपण टाकतो त्या खाण्यातून येतं. टूथब्रशला गुंडाळून उपटणं, शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगाई, दिवा आठ तास आणि खाणं निम्मं, यावर ते आटोक्यात आलं. ‘शेवाळ हटाव’ छाप बाटल्यांच्या नादी लागू नका. मेलेलं शेवाळ आतच कुजून पुन्हा खतच होतं. फॉस्फेट शोषणारं मीडिया वापरलंत तर सांगितल्याच्या निम्म्याने सुरुवात करा. पाण्यात फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दशलक्षात भाग) राहिलं तरी पुरे. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेलं तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) येण्याची भीती, आणि त्यांच्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं.

आता मागच्या काचेवर कोरलाइनचे (कडक, चुनखडी शेवाळाचे) जांभळट ठिपके धरू लागलेत. युनिटला पाचपैकी चार. कापलेला एक त्या कॉकचा. घेताना रिफिल होणारा डीआय डबाच मागा, सुटं रेझिन किलोवर मिळतं आणि तयार कार्ट्रिजपेक्षा बरंच स्वस्त पडतं.