आयडिओ डॉट ऑर्गची ‘फील्ड गाइड’: एका दिवसाच्या कार्यशाळेत काय घ्यावं, काय गाळावं

आयडिओ डॉट ऑर्ग या अमेरिकी ना-नफा संस्थेनं २०१५ मध्ये मानवकेंद्री डिझाइनची, म्हणजे ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याकडूनच समजून घेऊन त्यांच्याबरोबर उपाय घडवण्याची, एक फील्ड गाइड (प्रत्यक्ष कामात वापरायची पुस्तिका) काढली. पीडीएफ फुकट मिळते. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ती उतरवून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मात्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दिवसात बसवायला जाल तर हाती काही लागणार नाही. तिच्यात ५७ पद्धती आहेत आणि त्या आठवड्या-महिन्यांच्या कामासाठी लिहिलेल्या आहेत. आम्ही त्यातल्या मोजक्याच उचलल्या आणि दिवस सार्थकी लागला.

आमची संस्था सांगली जिल्ह्यातली, लहानशी. बहुतेक काम बचत गटांबरोबर. विषय घेतला होता आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांच्या स्वच्छतागृहाचा. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली, तेव्हा पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा मुद्दा निदान शहरात चर्चेला आला. खेड्यातल्या बाजारात पैसे घ्यायलासुद्धा काही नसतं. पहाटे घर सोडलेली बाई अंधार पडेपर्यंत दाबून बसते.

गाइडचे तीन टप्पे आहेत: माणसं समजून घ्या, कल्पना काढा, अमलात आणा. प्रत्येक पद्धतीच्या पानावर वेळ किती लागेल, साहित्य काय, माणसं कोण हवीत आणि काम किती अवघड आहे, हे दिलेलं आहे. मला ही मांडणी फार आवडली. कार्यशाळा घेणाऱ्याचा अर्धा जीव वेळेच्या गणितात अडकलेला असतो, तो इथं मोकळा होतो.

कार्यशाळा बाजाराच्या दिवशी ठेवायची नाही, हे आधीच ठरलं होतं. बायकांचा धंदा बुडवून त्यांच्याच प्रश्नावर बोलायचं, हे पटणारं नव्हतं. म्हणून मुलाखती आदल्या दिवशी, बाजारातच, पाट्यांशेजारी बसून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बायका ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आल्या. त्या दिवसाची मजुरी आम्ही त्यांना दिली. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरा, चहा-नाश्त्याच्या आधी.

मुलाखतीत ‘पाच वेळा का’ ही पद्धत वापरली. अगदी साधी आहे, मिळालेल्या उत्तरालाच पुन्हा ‘का’ विचारायचं. वांगी-दोडका घेऊन बसणाऱ्या एका आक्कांशी झालेलं बोलणं इथं देते.

“आक्का, दुपारी पाणी का नाही पीत?”
“पिलं की जावं लागतंय.”
“मग जात का नाही?”
“स्टॅण्डावर जायाचं म्हंजे पाटी कुणाच्या जिवावर टाकू?”
“शेजारणीला का नाही सांगत?”
“ती तिचं गिऱ्हाईक सोडून माझं बघंल व्हय? तिचा भाव येगळा, माझा येगळा.”

तोवर आम्ही सगळे खोली, नळ, फरशी असाच विचार करत होतो. आक्कांच्या उत्तरानं प्रश्नच बदलला. उद्या बाजाराच्या कडेला चकचकीत स्वच्छतागृह बांधलं तरी त्या तिथं जाणार नव्हत्या, कारण माल उघड्यावर टाकून उठता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधल्या फळ्यावर आम्ही लिहिलं: माल सांभाळला जाईल आणि बाईला पाच मिनिटं निर्धास्त उठता येईल, असं कसं करता येईल? ‘कसं करता येईल’ या साच्यात प्रश्न मांडणं, हा गाइडमधला सगळ्यात कामाचा भाग. त्यावर तास घालवावा लागला तरी घालवा.

त्यानंतर चित्रांच्या पत्त्यांचा खेळ घेतला. पाणी, कडी, उजेड, अंतर, राखणदार बाई, कमी पैसे, स्वच्छता अशी चित्रं पुठ्ठ्यावर काढली आणि महत्त्वाप्रमाणे लावायला सांगितलं. लिहिता-वाचता न येणारी बाई इथं मागे पडत नाही. तिन्ही गटांत कडी वरच्या दोनांत आली. स्वच्छता आमच्या कार्यकर्त्यांच्या मनात पहिली होती, बायकांच्या पत्त्यांत ती मधे कुठंतरी होती.

कल्पना काढण्याच्या तासाला गाइडचे सात नियम आहेत. पहिला नियम असा की मत नंतर, आधी कल्पना. आपल्याकडे हा पाळणं फार कठीण आहे. ग्रामसेवक भाऊसाहेब गटात बसले आणि दुसऱ्याच कल्पनेला “निधी नाही” म्हणाले. लगेच दोन सुना गप्प झाल्या. त्यांच्याच गावातल्या सासूबाईसुद्धा त्या गटात होत्या, हेही एक कारण असेल. आमच्या एका ताईंनी भाऊसाहेबांना आदरानं सांगितलं की दुपारी जेवणानंतर आपलंच ऐकणार आहोत, तोवर आपण लिहून घ्या. त्यांनीही ते मनावर घेतलं आणि खरोखर लिहून घेतलं. गाइडमध्ये नियम आहेत, पण मान आणि नाती कशी सांभाळायची, हे तुमचं तुम्हालाच पाहावं लागतं. शक्य असेल तर अधिकारी, सदस्य आणि बायका यांचे गट सकाळी वेगळे ठेवा.

चिकट चिठ्ठ्यांवर पैसे घालवू नका. चुन्याच्या भिंतीवर त्या टिकत नाहीत, पंखा लावला की जमिनीवर. तक्ता कागद आणि चिकटपट्टी पुरते. मतदानासाठी आम्ही टिकल्यांची पाकिटं आणली. प्रत्येकीला तीन टिकल्या, आवडलेल्या चित्रावर चिकटवायच्या. ही युक्ती गाइडमधली नाही, आमच्या बचत गटातली आहे, आणि फार छान चालली.

दुपारचा नमुना करण्याचा भाग मात्र मी कोणत्याही कार्यशाळेत गाळणार नाही. गाइड सांगते की नमुना झटपट करा, स्वस्तात करा, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच हातात द्या. आम्ही पुठ्ठ्याच्या छोट्या प्रतिकृतीवर न थांबता मैदानात फक्कीनं खऱ्या मापाचा चौकोन आखला, चार बांबू रोवले आणि भोवती जुन्या साड्या बांधल्या. मग एकेकीनं आत जाऊन पाहिलं. एक ताई कडेवर मूल आणि कमरेला पैशाची पिशवी घेऊन आत गेल्या आणि लगेच म्हणाल्या, “पिशवी कुठं अडकवायची? खाली ठेवली तर भिजणार.” दार आत उघडतंय असं धरलं होतं, ते त्यांच्या गुडघ्याला लागत होतं. तिथल्या तिथं दार बाहेर उघडणारं ठरलं, खांद्याच्या उंचीवर दोन खुंट्या आल्या आणि बाहेरच्या बाजूला पाट्या ठेवायला ओटा आला. ओट्यावर राखणदार बाई बसणार, आणि तिचं मानधन बाजाराच्या पावतीतून दोन रुपये वेगळे काढून द्यायचं. ही कल्पना कोथिंबीर विकणाऱ्या मावशींची होती. इंजिनिअरच्या नकाशात यातलं काहीही आलं नसतं.

गाइडमध्ये घानातल्या कुमासी शहराचं उदाहरण आहे. घरात ठेवायचं भाड्याचं शौचालय आणि मैला नेणारी सेवा, असं ते काम. वाचायला चांगलं आहे आणि आमच्या विषयाच्या जवळचंही. पण तिथला ग्राहक दरमहा पैसे भरतो, आपल्याकडे हा प्रश्न पंचायतीच्या दारात जातो. गाइडचा तिसरा टप्पा म्हणूनच आम्हाला तोकडा पडला. निधी, भागीदारी, वाढीचा आराखडा यावर पानं आहेत, पण ती एखादा उपक्रम उभा करणाऱ्याच्या नजरेनं लिहिलेली. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, ही आपली हत्यारं आहेत. दिवसाचा शेवटचा तास आम्ही गाइड मिटवून त्यालाच दिला. भाऊसाहेबांनी सकाळी लिहून घेतलेले कागद तिथं उपयोगी पडले, ठरावाचा मसुदा त्यांनीच करून दिला. महिला सभेत ठराव मंजूर झाला आहे. बांधकाम अजून सुरू झालेलं नाही आणि आम्ही मागे लागलो आहोत.

भाषेची अडचण आहे. आमच्या हाती इंग्रजी प्रत होती, त्यामुळे कार्यशाळा घेणाऱ्यानं आठवडाभर आधी वाचून, आपल्या शब्दांत उतरवून यायला हवं. समोर पीडीएफ लावून वाचून दाखवायचा विचार असेल तर घेऊच नका. छपाईही पूर्ण करू नका, रंगीत पानं महाग पडतात. पाच वेळा का, पत्ते लावणं, ‘कसं करता येईल’, कल्पनांचे नियम, झटपट नमुना आणि अभिप्राय एवढीच पानं काळ्या-पांढऱ्यात काढा. गटाला एक संच पुरतो.